कोठीमागचा कोपरा

मोजणीच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. घर वाकडं असलं की किस्सा आपोआप मिळतो, आणि आमच्या रायपुरात सरळ घर बांधायला कोणाला सवड नसते. पोराचं लग्न ठरलं की एक खोली, भाडेकरू मिळाला की आणखी अर्धी, जागा उरेल तशी.

आमच्या ऑफिसात माणसं दोनच. मेश्रामकाका, आणि त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरणारा मी. काकांचं एक वाक्य मला पाठ आहे. "मोजता येत नाही असं घर नसते. त्रिकोन पाडा, मोजा, बेरीज करा." तीस वर्षांत त्यांनी एकही काम परत केलेलं नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाला हे चहाच्या आधी ऐकावं लागायचं.

*

सदर बाजारातल्या एका घराचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. तिसऱ्या मजल्याची गॅलरी मोजताना टेपचं टोक माझ्या हातून सुटलं, तर समोरच्या घरातल्या माणसाने खिडकीतून हात काढून ते धरलं. वर म्हणाला, "भैया, हमारा कमरा भी इसी में जोड़ लो. बीच में बचा क्या है?"

*

बीरगांवचं रामटेक्यांचं घर मात्र आम्हाला भारी पडलं. वडील गेले आणि दोघा भावांनी वाटणी काढली. अट अशी, की हिस्से इंचाला इंच सारखे निघाले तरच मधून भिंत घालायची. भिंत जाणार होती स्वयंपाकघरातून. त्याला कोपरे पाच, आणि त्यात त्यांची आई राहायची. रांधायची तिथेच, झोपायची तिथेच.

"मी हावो तवर भिंत नको म्हणते," आजी आम्हाला म्हणाली, "पन माझं आयकून कोन राहिलं?"

एका कोपऱ्यात तांदळाची मोठी कोठी होती. तिच्यामागे फक्त आजीच मावायची. म्हणून त्या कोपऱ्यात टेपच्या टोकाची कडी तिनेच धरली.

"धरली का, मावशी?" काका विचारायचे.

"हव, धरली."

ऑफिसात येऊन कागदावर काढलं, तर नकाशाचा पाचवा कोपरा बंदच होईना, दोन भिंतींच्या रेषा जुळेचनात. काका मला म्हणाले, "तुले आकडे वाचता येते का नाही?"

*

अभनपुरला एकाने आंब्याचं झाड न तोडता त्याच्याभोवती स्वयंपाकघर बांधलं होतं. काकांनी इमानदारीत बुंध्याची जागा वजा केली. घरमालकीण म्हणाली, "पेड़ तो हर साल मोटा होता है. हर साल नापने आओगे क्या?"

"हव," काका म्हणाले.

*

मग मी लेजरचं मशीन घेतलं. बटन दाबा, आकडा घ्या. पहिल्याच घरात एक बेडरूम एकसष्ट फूट निघाली. खिडकी उघडी होती आणि लेजर समोरच्या गच्चीवरच्या टाकीला जाऊन लागला होता. मालक खूश. "यही लिख दो."

काका नुसते हसले. तेव्हापासून मशीन माझ्या बॅगेत असतं, आणि मोजणी टेपनेच होते.

*

बीरगांवला दुसऱ्यांदा गेलो. पुन्हा नकाशा बंद होईना, आणि या वेळी फरक वेगळाच.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात विटा येऊन पडल्या होत्या. काकांनी या खेपेला मोबाइलचा टॉर्च लावला आणि कोठीवरून वाकून मागे पाहिलं. मीही पाहिलं. आजी कोपऱ्यापासून चांगली वीतभर पुढे, कडी मुठीत घेऊन बसली होती.

तिने आमच्याकडे पाहिलं. मूठ मागे नेली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

"धरली का, मावशी?" काकांनी विचारलं.

"हव," ती म्हणाली. "धरली."

काकांनी टेपवरचा आकडा लिहून घेतला. टेप गुंडाळली. बाहेर येऊन भावांना म्हणाले, "हे घर मोजता येत नाही."

थोरला विटांकडे बघत राहिला. धाकटा म्हणाला, "काका, आपके पास लेजर है ना? उससे नाप लो."

काका माझ्याकडे वळले. "त्याचे सेल संपले ना रे?"

सेल मी सकाळीच नवे घातले होते.

"हव, काका," मी म्हणालो.