कुंकू लावलेली पट्टी

आमच्या घरच्या पेटीच्या एका काळ्या पट्टीवर कुंकू असतं. दर दसऱ्याला आई पेटीची पूजा करते आणि बोट नेमकं तिथेच टेकवते, कारण बाबा गुरुवारच्या भजनात त्याच पट्टीवरून सुरू करतात. तोच आमचा सा. या हिंदी मुलखातल्या शहरात लक्ष्मी गेटजवळची आमची दोन-चार मराठी घरं त्याच सा वरून गात आली आहेत. तो दुसरीकडेही धरता येतो, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. संगीत घेतलं तेव्हा बाबा म्हणाले, "पेटी वाजवून पोट भरतं का? बरं, घे. पण नापास झालीस तर विषय बदलायचा." मी हो म्हटलं.

परीक्षेत स्वरांतरं ओळखायची होती. मॅडम पेटीवर दोन सूर वाजवणार, आपण पेटीकडे पाठ फिरवून बसायचं आणि त्यांच्यातलं अंतर सांगायचं. खालचा सूर सा धरला, तर वरचा कोणता? वर्गात सराव करताना मी मात्र दोन्ही सूर मनात त्या कुंकवाच्या पट्टीपासून मोजत बसायचे. उत्तर चुकायचं.

"फिर घर से चल के आई?" मॅडम म्हणायच्या. "बेटा, बीच की दूरी सुनो."

"जी, मॅडम."

कळायचं, पण ऐकू यायचं नाही. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवण्या, मग आईने शिवलेले ब्लाउज मानिक चौकातल्या दुकानात पोचवायचे. रियाजाला बसले की डोळेच मिटायचे. विषय बदलावा लागणार, असं मी जवळजवळ धरून चालले होते.

परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी मी पेटी पुढे घेऊन नुसतीच बसले होते. आई गच्चीवरून धाकट्या बहिणीला हाक मारत होती. "येऽ गं!" पहिला सूर वर, दुसरा खाली. बहीण गल्लीतून हलेना. आईने पुन्हा हाक मारली. दमलेला आवाज आता खाली उतरला होता. पण 'ये' पासून 'गं' पर्यंतची उतरण तेवढीच वाटली. मी पट्ट्या शोधल्या. खालचा सूर सा धरला, तर पहिली हाक कोमल गंधारावरून सा वर येत होती. दुसरी वेगळ्या पट्ट्यांवर होती, तरी तेच अंतर. कुंकवाची पट्टी दोन्हींत नव्हती.

"आई, परत हाक मार ना."

"कुणाला? ही काय, आली महाराणी."

"तरी मार."

"कॉलेजात जाऊन डोकं फिरलंय हिचं," आई म्हणाली, पण तिने हाक मारली. आवाज पार बसला होता. अंतर तेच होतं.

परीक्षेत पहिली उत्तरं चुकली. मग दोन सूर वरून खाली आले, आणि मला आईच ऐकू आली.

"कोमल गंधार."

"पक्का?"

"जी."

त्यानंतर खालच्या सुराला सा म्हणणं थोडं थोडं जमू लागलं. काठावर पास झाले.

निकाल सांगितला तो गुरुवार होता. "बरं झालं," म्हणत बाबांनी पेटी पुढे ओढली.

"बाबा, आज सा दुसरीकडे धरूया?"

बाबांनी पट्ट्यांकडे पाहिलं. "तिथे कुंकू कुठेय?"

समजावून सांगण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि नेहमीच्याच सा वरून गायले.