तोंडातली लसणाची चव

ताईच्या प्रयोगशाळेत मी एकदाच गेले आणि पुन्हा म्हणून तिथे पाऊल टाकलं नाही. तिथल्या उबदार कपाटात, गुलाबी पाणी भरलेल्या चपट्या बाटल्यांमध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवते. हो, वाढवते. त्यांना खायला घालते, पाणी बदलते, सुट्टीच्या दिवशीही जाऊन बघून येते. लग्न केलं असतंस तर सासूचंही एवढं केलं नसतंस, असं मी तिला म्हणते. मला त्या बाटल्यांची शिसारी येते. आमच्या भाऊच्या अंगात हेच भरलंय हे कळल्यापासून तर फारच.

ताईला त्या पेशींचा राग नाही. ती सांगते की रक्तातली प्रत्येक पेशी कच्ची जन्मते. मग शरीरातून निरोप घेऊन रेणू येतात, पेशीच्या दाराशी चिकटतात आणि आत निरोप पोचतो की वाढणं पुरे, आता कामाला लाग. चांगली पेशी ऐकते, पिकते, जंतूंशी लढते आणि वेळ आली की मरते. कर्करोगाची पेशी निरोपाला दाद देत नाही. कच्चीच राहते आणि नुसती पिलावळ वाढवत बसते. म्हणजे आपला मामा, मी म्हणाले. या बहिऱ्या पेशींना ऐकू जाईल असा रेणू शोधण्यात ताईचे केस पांढरे झाले.

तो सापडला असं मध्यंतरी वाटलं. एक पिवळी पूड होती. ती घातलेल्या बाटलीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या आणि पिकलेल्या दिसू लागल्या. ताईचे सर हुरळून गेले. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या कपाटाचं दार उघडलं नव्हतं, ते आता येईल त्याला तिथे नेऊन उभं करायचे.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण सर भाऊला बघायला घरी आले. भाऊ औषधाच्या पहिल्या फेरीत इतका ओकला होता की दुसऱ्या फेरीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचा. उशीर केलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर बजावून थकले होते. आणि हा माणूस फुलं घेऊन त्याच्या उशाशी बसला आणि म्हणाला, थोडे महिने कळ काढा, बहिणीची पूड येतेच आहे. ताईने तिथल्या तिथे सांगितलं की हे अजून फक्त बाटलीत आहे, माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतात आणि बरंचसं पोचतही नाही. भाऊने सोयीचं तेवढं ऐकलं. मामा तर म्हणाला, घरात औषध असताना विष कशाला घ्यायचं? त्या दिवसापासून भाऊने दवाखान्याचं नाव टाकलं. सरांची ती फुलं मी पाण्यात न घालता कचऱ्यात टाकली.

पूड पाण्यात विरघळत नसे. त्यासाठी ताई एक पारदर्शक, दाटसर द्रव वापरायची. तो भलताच शिरकाव करणारा. हातमोज्यातून थेंबभर झिरपला तरी कातडीतून आत जातो आणि थोड्या वेळात तोंडाला लसणाची चव येते. तिथे सगळ्यांनाच हे माहीत, त्यावरून एकमेकांची टिंगलही चालते.

एका संध्याकाळी भाऊसाठी सोललेलं केळं त्याने नको म्हटलं, म्हणून ताईने तोंडात टाकलं. तोंड वाकडं करून म्हणाली, हल्ली रोजच लसूण. आणि चावायची थांबली. पूर्वी असं क्वचित व्हायचं. पूड नीट विरघळावी म्हणून ती द्रव वाढवत गेली होती. तुलनेसाठी ठेवलेल्या बिनपुडीच्या बाटलीतही तेवढाच द्रव घालायला हवा होता. तिथे मात्र हाताच्या सवयीने जुना इवलासा थेंबच पडत राहिला. आणि तो द्रव जास्त झाला तर एकटाच या पेशींना पिकवतो, ही गोष्ट त्यांच्या धंद्यात कधीपासून माहीत आहे. ताईने घास थुंकला. तिला स्वतःचीच किळस आली होती.

तिने नव्या बाटलीत नुसता द्रव घातला, पुरेपूर. पुडीचा कणही नाही. काही दिवसांनी त्याही पेशी तशाच पिकल्या.

सरांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. ही पूड जगापुढे मांडायची ती मोठी सभा तोंडावर आली होती.

"ही बाटली आपण केलीच नाही, असं समजू," ते म्हणाले.

आपल्या टेबलाशी जाऊन ताईने दोन्ही बाटल्यांतल्या पेशींचे फोटो, आपल्या चुकीसकट, खात्यातल्या सगळ्यांना पाठवले आणि तडक घरी आली. भाऊच्या खाटेशी स्टूल ओढून तिने त्याला सगळं सांगितलं, कुठेही मलमपट्टी न करता. मी दारात उभी होते. मला तिचा राग आला. त्या सरांचा, मामाचा आणि वाट बघण्यात गेलेल्या दिवसांचा त्याहून जास्त.

भाऊने विचारलं, "म्हणजे तुझी पूड काहीच करत नव्हती?"

"काही नाही."

"आणि दवाखान्यातलं?"

"ते करतं. तुला ओकायला लावतं, पण करतं. उशीर झालाय, तरी करेल असं डॉक्टर म्हणतात."

त्याने पांघरूण बाजूला केलं आणि पाय खाली सोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपली निळी बादली घे बरोबर. तिथल्या बादलीत ओकायची मला किळस येते."