थांबली की थरथरते

नियाज मिस्त्रीला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नाशिकच्या वडाळा नाक्यावरच्या त्याच्या गॅरेजात एक खुर्ची होती, तिच्यावर कायम प्लगची खोकी. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत. "लहानपणी पाळणा थकायचा, हा नाही," असं त्याची आई गुलजारबी येईल त्याला सांगायची. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि तो संपेपर्यंत दारातल्या टायरवर बसून राहायची.

गिऱ्हाईक गाडीत बसलेलं दिसलं की नियाजचं पहिलं वाक्य ठरलेलं, "उतरा, उतरा, मला बघू द्या." ट्रायलला निघाला आणि लांबून लाल सिग्नल दिसला, की हा अलीकडच्या गल्लीत वळलाच. थांबणं म्हणून नाही. लोक हसायचे, पण काम चोख, म्हणून परतही यायचे.

त्या शनिवारी चांगुणा मॅडम मात्र हसत नव्हत्या.

मॅडम पेठजवळच्या शाळेत शिकवायच्या. सकाळी घाट चढून जायचं, संध्याकाळी घाट उतरून नाशिकला घरी, लेक संजनाकडे यायचं. त्यांची जुनी पेट्रोल गाडी नियाजनेच पारखून दिली होती. "डोळे झाकून घ्या मॅडम," असं छातीवर हात ठेवून म्हणाला होता. आता तीच गाडी थांबली की थरथरायची, सिग्नलला बंद पडायची. आणि काल ती घाटातल्या वळणावर बंद पडली, मागे ट्रक असताना.

"नियाजभाई, संध्याकाळी पंचवटीचा एक माणूस येतोय. गाडी देऊन टाकते."

"अन् शाळा?"

"पेठला खोली बघितलीय. संजना मामाकडे राहील. नववीत आहे, तिला कुठे उचलून नेऊ?"

"नका ना असं करू, मॅडम."

"मग कसं करू, तुम्हीच सांगा. दरवेळी म्हणता, झाली. दरवेळी मी तुमचं ऐकते."

नियाजने बॉनेट उघडलं. इंजिन कुठूनतरी चोरटी हवा ओढतंय, एवढं त्याला कळलं होतं. इंजिनाला हवा मोजूनमापून लागते. कुठे बारीक फट पडली की जास्तीची हवा शिरते आणि गाडी धापा टाकायला लागते. पण फट कुठे? जोडांतलं गास्केट बदलून झालं होतं. एकूण एक पाइप पिळून झाला होता. त्याने जोडांवर क्लीनरचा फवारा मारला. फट असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. नाही बदलला.

मग इंजिन बंद करून त्याने बिस्किटाच्या डब्यात ऊद पेटवला आणि सायकलच्या पंपाने तो धूर इंजिनात सोडला. फट असेल तिथून धूर बाहेर यायला हवा. धूर आत गेला आणि आतच राहिला.

"नजर काढतोस काय रे गाडीची?" गुलजारबी टायरवरून म्हणाली.

"अम्मी, चूप बस ना!"

"मी बसलेच आहे. तू बस."

नियाजने हँडब्रेक ओढून इंजिन चालू केलं. एकसारखा, गुळगुळीत आवाज. तो वैतागून हात उडवत गाडीभोवती फिरला.

"ऐका, मॅडम. कुठे थरथरतेय?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही हो..."

मॅडमनी दार उघडलं आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.

"उतरा मॅडम, मला बघू..."

"नाही उतरणार! तुम्ही दरवेळी मला उतरवता आणि मग ही शहाण्यासारखी वागते. आज मी बसल्यावर काय करते ते बघा."

दार धाडकन लागलं. आणि गाडी थरथरली. बॉनेटची काठी खडखडायला लागली.

"पाय!" नियाज ओरडला. "पाय कुठंय तुमचा?"

"ब्रेकवर. अजून कुठे असणार?"

"काढा."

आवाज गुळगुळीत.

"दाबा."

थरथर. नियाज दार उघडून गुडघ्यावर बसला, डोकं पेडलशी नेलं. डॅशबोर्डखालून बारीक सूं ऐकू येत होतं.

"पेडल जड लागतं का हो?"

"लागतं की. मला वाटलं, नव्या सँडलमुळे."

त्याने पुढे जाऊन इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या काळ्या डब्याकडे जाणारा पाइप फडक्यात धरून पकडीने दाबला. "आता दाबा ब्रेक." इंजिन डगमगलं नाही. डब्यातला रबरी पडदा फाटला होता. ब्रेकवर पाय असला तरच तिथून हवा शिरायची. आणि ट्रायलमध्ये तो ब्रेकवर पाय ठेवून कधी उभाच राहिला नव्हता.

"मॅडम," तो हळू बोलला, "गाडी बंद पडते हे सोडा. हा डबा पुरता गेला असता ना, घाट उतरताना ब्रेक दगडासारखा झाला असता. मी गास्केटं बदलत बसलो."

मॅडमचा पाय झटकन पेडलवरून निघाला.

"नवा डबा आजच मिळेल?"

"हा निघालो. पण बसवून, ट्रायल घेऊन उद्या देतो. आज ही गाडी इथून हलणार नाही."

मॅडमचा फोन वाजला. पंचवटीचा माणूस. "नाही हो, येऊ नका. ब्रेकचं काम निघालंय... नाही, झाल्यावरसुद्धा लगेच नाही सांगत." मग त्यांनी घरी फोन लावला.

"संजना, बॅग भरू नकोस."

"म्हणजे मामाकडे नाही जायचं? नक्की?"

मॅडमनी नियाजकडे पाहिलं. तो दारात स्कूटरला किक मारत होता, ती लागत नव्हती.

"सोमवारी घाट उतरून आले की सांगते. तोवर भरू नकोस."