जुन्या इंजिनाचे जाड ऑइल

गेल्या उन्हाळ्यात, ऑइल बदलून आणल्यानंतर चौथ्या सकाळी, माझ्या गाडीच्या इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. गुरुवारी मी गाडी दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली.

ऑइल बदलणारा मेकॅनिक कराडकडचा. मी त्याला दादा म्हणतो. दोह्यातली माझी पहिली गाडी वीस वर्षांपूर्वी त्यानेच हाती घेतली होती. तिच्यात आठ सिलिंडरचे अमेरिकन इंजिन होते, लोखंडी ब्लॉकचे. बोनेटखाली दोन्ही हात कोपरापर्यंत सहज जात. शुक्रवारी आम्ही त्या गाडीने दुखानच्या किनाऱ्यावर जायचो. मुले मागे झोपलेली असत. एसी पूर्ण सोडला तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध राही. चार लाख किलोमीटरनंतर मी ती विकली, तेव्हाही इंजिन उघडलेले नव्हते.

आताची गाडी त्याच घराण्यातली. आठ सिलिंडर तेच, कॅमशाफ्टही पूर्वीसारखाच ब्लॉकच्या आत. पण ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आणि गाडी संथ चालली की चार सिलिंडर आपोआप बंद होतात. ही उघडझाप ऑइलच्या दाबावर चालते.

गॅरेजच्या फोरमनने आवाज ऐकला. "इंजन खोलो, यल्ला," त्याने घाई केली.

दादाचा करार त्याच महिन्यात संपत होता. इंजिन त्याच्या हातून बिघडले असे ठरले असते, तर नवा करार मिळणार नव्हता. हे त्यानेच मला सांगितले होते.

त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. मग ऑइलची पट्टी बाहेर काढून एक थेंब बोटांत चोळला.

"साहेब, चूक माझी हाय," तो म्हणाला. "हिकडच्या उन्हाला म्हणून जुन्या गाडीला जाडच ऑइल पाजत आलो. हिलाबी तेच घातलं. हिला पातळ लागतं."

नंतर हेच त्याने फोरमनला हिंदीत सांगितले.

"बीस साल से डॉक्टर बना फिरता है," फोरमन म्हणाला, "और सुई गलत लगा दी?"

"सुई गलत है, मरीज जिंदा है. खोलने से पहले एक दिन दे दो."

"शनिवार सुबह तक. फिर खलास."

दादाने जाड ऑइल काढून पातळ भरले, फिल्टर बदलला, इंजिन तासभर चालवले आणि उरलेसुरले जाड ऑइल धुऊन निघावे म्हणून तेही काढून पुन्हा नवे पातळ भरले. गाडी गॅरेजमध्येच राहिली. मी टॅक्सीने अल मुंतझा भागातल्या माझ्या घरी आलो.

शनिवारी सकाळी त्याने आम्हा दोघांसमोर थंड इंजिन सुरू केले. पहिले काही सेकंद टकटक आली, मग थांबली. त्याने इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले. आवाज परत आला नाही.

जॉब कार्डावर कारणाच्या रकान्यात दादाने स्वतः "चुकीचे ऑइल" असे इंग्रजीत लिहिले आणि सही केली. फोरमनने ते वाचून खाली आपली सही केली. त्या महिन्याच्या अखेरीस दादाचा करार दोन वर्षांसाठी वाढवण्यात आला.