अकोल्याचं मधलं सर्टिफिकेट

सरकीचा ओलसर, तेलकट वास आला की मला अकोटच्या जिनिंगमधली ती दुपार आठवते. काट्यावर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, कारण वजनं अकोल्याच्या मुख्य ऑफिसला पाठवणारा माझा प्रोग्राम तिथल्या सर्व्हरवर विश्वासच ठेवत नव्हता. तिथल्या सर्व्हरवाल्यानं सकाळी सर्व्हरची ओळख पटवणारं नवं सर्टिफिकेट बसवलं होतं, पण त्याची हमी देणारं मधलं सर्टिफिकेट टाकायचं तो विसरला होता. फोनवर त्याचं एकच पालुपद, "माह्या ब्राउझरात तर कुलूप दिसून राह्यलं." ओळख पटल्याचं ते कुलपाचं चिन्ह ब्राउझर दाखवतो, कारण मधलं सर्टिफिकेट तो स्वतःच शोधून आणतो, माझा प्रोग्राम आणत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी जिनिंगचे शेटजी वैतागले. "ते तपासनंच बंद करून टाका न साहेब. अकोल्याचं ऑफिस आपलंच हाये." तेवढ्यात फाटकाशी एक अनोळखी गाडीवाला आला. शेटजींनी बसल्या जागेवरून विचारलं, "कोन्या अडत्यानं पाठवलं तुले?" त्यानं नाव सांगितलं. "मंग त्याले फोन लावून दे मले. तोवर गाडी भायेरच राहू दे." मी म्हणालो, "शेटजी, माझा प्रोग्रामही हेच करून राहिला." ते म्हणाले, "हा कापूस हाये साहेब." अडत्या फोनवर बोलला आणि गाडी लगेच आत आली, अकोल्याचं मधलं सर्टिफिकेट यायला संध्याकाळ झाली. परवा त्याच सर्व्हरवाल्याचा फोन आला. नवं सर्टिफिकेट बसवलं म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आतच पुढं म्हणाला, "माह्या ब्राउझरात कुलूप दिसून राह्यलं."