भिजलेल्या पोथ्यांचा सोमवार

मेहकरला आमच्या वाचनालयाला जोडून दोन खोल्यांचं एक संग्रहालय आहे. मी वाचनालयात ग्रंथपाल, आणि संग्रहालयाची किल्लीही माझ्याकडेच. बाहेरच्या खोलीत शेत नांगरताना निघालेल्या दगडी मूर्ती, जुनी मापं, पेरणीच्या तिफणी. आतल्या खोलीत एका लाकडी कपाटात हातानं लिहिलेल्या पोथ्या, लाल कापडाच्या बासनांत बांधलेल्या, चाळीसच्या वर. हे सगळं आसपासच्या गावांतल्या लोकांनी आपापल्या घरून आणून दिलेलं. दिलं आणि विसरले, असं मी धरून चालले होते. करोनात कुलूप लागलं ते लागलंच. नंतर दार उघडलं तरी माणसं फिरकली नाहीत. शाळांच्या सहलीसुद्धा थांबल्या. मी आठवड्यातून एकदा झाडून घ्यायची, कपाटात डांबराच्या गोळ्या बदलायची आणि दार लावून घ्यायची.

गेल्या वर्षी गावात कुजबुज सुरू झाली, की वाचनालयाची जागा विकायला काढली आहे आणि आतल्या वस्तूही जाणार. तसं काहीही नव्हतं. मी वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत म्हटलं, बाहेर एक फलक लावून खरं काय ते सांगू. अफवेला उत्तर दिलं की ती वाढते, असं ठरलं आणि मीही गप्प बसले.

त्यानंतर महिनाभरातच एका सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर आतल्या खोलीत घोट्याएवढं पाणी. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला होता. शनिवार दुपारपासून टाकी वाहत होती आणि पाणी भिंतीतून झिरपून नेमकं त्या कपाटात उतरलं होतं. कपाटाचं दार फुगून घट्ट बसलेलं. शिपायानं पहार लावून ते उघडलं. मी वरचं एक बासन उचललं, ते ओल्या गोधडीसारखं जड लागलं. खालून लालसर पाणी ठिबकत होतं. ते बासनाच्या रंगाचं की आतल्या शाईचं, ते कळेना.

नागपूरला एका शिबिरात जुने कागद जतन करणाऱ्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. पोथी उघडायची नाही. उन्हात ठेवायची नाही. दाबून पिळायची तर मुळीच नाही. सावलीत, खेळत्या हवेत, खालून वारा लागेल अशी ठेवायची. उद्या संध्याकाळपर्यंत वरचं पाणी उतरलं नाही तर बुरशी धरेल. "आणि कोणी कितीही म्हणो, चिकटलेलं पान उलटू नका. एक उलटायला जाल आणि दहा घालवाल," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

वाचनालयाच्या भिंतींत पाणी मुरल्यानं वीज बंद करावी लागली होती, म्हणजे पंखेही नाहीत. बसस्टँडपलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सभागृह देतो म्हटलं. शिपायानं मालवाहू रिक्षा आणली. आम्ही दोघांनी बासनं एकेक करून आत रचली, वर ताडपत्री ओढली आणि निघालो. मी रिक्षात पुढे बसले होते.

बसस्टँडच्या अलीकडे एक मोटारसायकल आडवी आली. मग दुसरी. आम्ही सामान भरत होतो त्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता आणि तो आमच्या आधी चौकात पोचला होता. बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. त्यांत पुढे होते बी-बियाण्यांचे एक दुकानदार. त्यांच्या आजोबांनी विहीर खणताना सापडलेली मूर्ती आम्हाला दिली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी रिक्षावाल्याला चावी काढायला लावली, ती स्वतःच्या खिशात टाकली आणि मला विचारलं, "मॅडम, हे कोणाले विकून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. टाकी, पाणी, शाळा, पोथ्यांना खालून लागणारा वारा. कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. समितीचे अध्यक्ष येऊन सांगत नाहीत तोवर गाडी हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष अकोल्याला गेलेले, फोन उचलत नव्हते. ऊन चढत होतं. मी ताडपत्रीखाली हात घातला, तर आत वाफ धरलेली. बुरशीला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी गयावया केली, मग रागावले, मग पुन्हा गयावया केली. मागून कोणीतरी म्हणालं, पोथ्या भिजल्या म्हणते, दिसते तर कपडाच. दुसऱ्यानं पोलिसांना बोलवायचं काढलं. म्हणजे पंचनामा आणि दिवसभर ठाण्याच्या आवारात. मला तेच नको होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. हिवरा आश्रम या गावाच्या अलीकडच्या खेड्यातली, भाजी घेऊन बाजाराला आलेली. मी तिला ओळखलं. तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढलेली पोथी पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिनंच आणून दिली होती. ती म्हणाली, "माह्या बापाची पोथी मले दाखवा. भिजली असंल तर मी सांगतो या लोकायले."

ती पोथी वरच होती. नागपूरच्या बाईंचे शब्द माझ्या कानात होते. मला बोलता आलं असतं. उघडू नका आजी, नुसती हातात धरा, असं म्हणता आलं असतं. मी गर्दीकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं, आणि बासन तिच्या हातात दिलं. काही बोलले नाही.

तिनं रस्त्याच्या कडेला बसून गाठ सोडली. पानांवरची लाकडी फळी उचलली, आणि सवयीनं, जशी कोरडी पोथी उघडतात तशी, पानं मधोमध उलटली. आवाज फारसा झाला नाही. ओली पोळी फाटावी तसा पानांचा थर तुटून अर्धा तिच्या उजव्या हातात आला. ओव्यांचे तांबडे आकडे पसरून कागद गुलाबी झाला होता. काळी अक्षरं तिच्या बोटांना लागली. ती बोटांकडे पाहत राहिली.

 दुकानदारांनी खिशातून चावी काढून रिक्षावाल्याला दिली. मग मला म्हणाले, "खालून वारा पाह्यजे म्हणता ना? टमाट्याचे कॅरेट चालतीन काय?"

चालणार होते. प्लास्टिकचे खोके, जाळीचे, उंच, चारी बाजूंनी मोकळे. अर्ध्या तासात शाळेच्या सभागृहात भाजीवाल्यांचे कॅरेट येऊन पडले, खिडक्यांना रोपवाटिकेचं हिरवं नेट लागलं. मोटारसायकल आडवी घालणाऱ्यांनीच बासनं दोन्ही हातांवर तोलत आत नेली. नागपूरच्या बाई फोनवरून सांगत होत्या, मी मोठ्यानं बोलत होते आणि तीस-चाळीस माणसं ऐकत होती. बासनं बदलायला घराघरातून जुनी सुती लुगडी, धोतरं आली. पुढचे चार दिवस पाळ्या लावून माणसं पोथ्यांभोवतीची ओली फडकी बदलत राहिली. तीन पोथ्यांना बुरशी धरली, त्या आम्ही वेगळ्या काढल्या. बाकीच्या वाचल्या. म्हातारीच्या वडिलांच्या पोथीची सुरुवातीची काही पानं राहिली; मधला भाग लगद्यासारखा झाला.

ती त्या दिवशी सभागृहात आली नव्हती. महिना गेला. शेवटी मी बसनं तिच्या गावी गेले. ती वांग्याच्या वाफ्यात होती. बांधावर बसून मी तिला सांगितलं, की पान उलटलं तर फाटणार, हे मला आधीच माहीत होतं.

तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "माहीत होतं, तं मले बोलल्या काऊन नाही?"

मी म्हटलं, लोकांना खरं दिसल्याशिवाय गाडी सुटली नसती, आणि बाकीच्या पोथ्या गेल्या असत्या. हे खरं होतं. पण ते बोलताना मला स्वतःचाच आवाज नकोसा झाला. 

"मी नाही म्हटलं नसतं," ती म्हणाली. "बाकीच्यांसाठी फाडा म्हटलं असतं तरी मी फाडली असती. पण इचाराले पाह्यजे होतं, बाई."

मी मान हलवली. 

या वर्षीपासून आम्ही संक्रांतीच्या आधीच्या रविवारी हवा लागावी म्हणून सगळी बासनं बाहेर काढतो, आणि ज्यांच्या घरची वस्तू आहे त्यांना आधी निरोप पाठवतो. पोथीचं काय करायचं, काय हलवायचं, हे त्यांच्यासमोर ठरतं. कोणी येतं, कोणी नाही. दुकानदार आले, आजोबांच्या मूर्तीवरची धूळ मऊ कुंचल्यानं झाडत तासभर बसले. म्हातारीलाही निरोप गेला होता. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही. तिची सून आली, उरलेली पानं दोन्ही हातांनी धरून पाहिली, आणि सासूनं विचारायला सांगितलं आहे म्हणाली, की आता यांना ओलीचा वास तर नाही ना येत.

नाही येत, असं मी सांगितलं.