भाऊ, माइक पाहा

पडदा वर जातो. मेडशीतली एक खोली, एस.टी. थांब्यामागं, जानरावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला लागून. तीन भिंतींवर गोधड्या ठोकलेल्या, चौथीला सरकीची पोती छतापर्यंत रचलेली. मध्ये टेबल, टेबलावर स्पूलचा टेपरेकॉर्डर. समोर दोन स्टँड आणि दोन माइक. बाजेवर कस्तुराबाई, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून. खाली सतरंजीवर मांडीवर ढोलकी घेतलेला पुंजाजी. दाराशी मी. आणि टेबलावर ओणवा झालेला जानराव. साल चौऱ्याहत्तर, मार्च महिना, सकाळचे दहा. पंख्याला बंदी, कारण त्याची घरघर टेपवर येते. घामाला बंदी नाही.

पात्रपरिचयाशिवाय खेळ सुरू करायचा नाही, ही आमच्या मंडळाची शिस्त होती. किन्हीराजाच्या त्या नाटक मंडळात मी राजे केले, सेनापती केले, एकदा गरजेपोटी राणीही केली. पंधरा वर्षं मी मंचावर उभा होतो आणि पंधरा वर्षं माझ्या पायांखाली, फळ्यांच्या खालच्या अंधारात, वायरींच्या गुंत्यात जानराव बसला होता. शिक्षण सातवी. छप्पन साली त्याच्या घरानं धम्म घेतला तेव्हा तो सोळा वर्षांचा. वस्तीतल्या पहिल्याच कार्यक्रमात रिसोडहून आणलेला भोंगा बंद पडला आणि या पोरसवद्या गड्यानं तापवलेल्या खिळ्यानं डाग देऊन तो चालू केला. त्या दिवसापासून पंचक्रोशीतला प्रत्येक भोंगा त्याच्या हाताखालून गेला. आमचा तर गेलाच.

आमच्या मंडळाकडे घंटा नव्हती. प्रयोगाची वेळ झाली की जानराव खालून ओरडायचा, "भाऊ, माइक पाहा!" मी पडद्यातून पुढं यायचो आणि माइकवर दोनदा फुंकर मारायचो. फू, फू. चारशे माणसं गप्प. आमची तिसरी घंटा ती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कस्तुराबाई ही जानरावची बायको. चौदा एप्रिलला त्यांचं गाणं ऐकायला लोक मालेगावहून बैलगाड्या जुंपून येत. गाणी त्या स्वतः जोडायच्या, वहीत एकही नाही, सगळी डोक्यात. त्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याला गाठ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं आणि सांगितलं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. गाठ निघेल, आवाजाचं सांगता येत नाही. तोवर गाणंही बंद. फार तर एखादं, तेही बसून.

आजचा दिवस शुक्रवार.

जानरावच्या मनात गाणी भरायची खोली काढायचं दोन वर्षांपासून होतं. भजनी मंडळं, भीमगीतं, लमाणी गाणी, सगळ्यांनी मुंबईकडं तोंड काहून करायचं, असं त्याचं म्हणणं. टेपरेकॉर्डर जुना घेऊन त्यानं स्वतः उभा केला होता, अडलं होतं माइकपाशी. अकोल्याच्या किसनसिंगनं, जो एकेकाळी फिरत्या टॉकीजचा आवाज सांभाळायचा, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर दोन माइक पाठवले. चिठ्ठीत लिहिलं होतं: दिवसभर पारखा, एक ठेवा, दुसरा साडेपाचच्या गाडीनं परत करा, उद्या अमरावतीचं गिऱ्हाईक येणार आहे.

एक माइक साधा, मंडपात असतो तसा, फक्त बरा. दुसरा जाडजूड, जाळीच्या पोटात पट्टी असलेला. जानरावनं आम्हाला बोटभर अंतरावरून दाखवलं.

"बर्फीवर वर्ख असते ना, तशी पट्टी हाय आतमंदी. आवाज आला का ते हालते. किसनसिंगनं चिठ्ठीत दोन रेघा मारून लिवलं, फुंकर मारू नोका. फुंकली का गेली."

"म्हंजे याच्यापुढं शिंकाचंबी नाई?" पुंजाजीनं विचारलं.

"तू तं श्वासबी बाहीर जाऊन घेत जाय."

पुंजाजीनं नाकावर उपरणं बांधलं आणि दिवसभर दरोडेखोरासारखा बसून राहिला.

जानरावची पारख बघण्यासारखी होती. आधी त्यानं कुणालाच बोलू दिलं नाही. रिकामी खोली भरून घेतली, दोन मिनिटं एका माइकवर, दोन मिनिटं दुसऱ्यावर, आणि ती शांतता कानाला हेडफोन लावून ऐकत बसला. साध्या माइकला खोलीत काहीच ऐकू आलं नव्हतं. पट्टीच्या माइकला थांब्यावरची कोंबडीसुद्धा ऐकू आली होती. मग ढोलकी, मग स्टीलच्या पेल्यात चमचा, मग मी. माझ्याकडून त्यानं सेनापतीचं स्वगत हळू आवाजात म्हणवून घेतलं, जे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. प्रत्येक वेळी तो वहीत एक ओळ लिही. मी वाकून पाहिलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "साधा: भाऊ ओरडते. पट्टी: भाऊ बोलते."

शेवटी कस्तुराबाईंच्या दोन ओळी. जास्त नाही.

विहिरीच्या काठी आता आमचाबी पोहरा गं,
पान्याले का ठाव कोनं हात घातला.

साध्या माइकवर तो आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला. पट्टीच्या माइकवर ऐकला आणि जानरावनं कानाचे फोन काढून माझ्या डोक्यावर ठेवले. मी त्या बाईंना दहा वर्षं भोंग्यातून ऐकलं होतं. खरा आवाज त्या दिवशी ऐकला. त्यात खाली एक ऊब होती, ती भोंग्यानं आम्हाला कधी दिलीच नव्हती. जानराव बायकोकडं बघत राहिला.

"काय पाहून राह्यले?" त्या म्हणाल्या. "लगीन होऊन चौदा वर्षं झाली, आज आयकू आलो का मी?"

"आज आली," तो म्हणाला.

ठरलं. पट्टीचा ठेवायचा, साधा परत. आता पूर्ण गाणं. त्यानं टेप लावली, बोट बटणावर ठेवलं, आणि लाइट गेली.

बारा वाजले होते. एक वाजला, दोन वाजले. कस्तुराबाई पोत्यांना टेकून डोळे मिटून बसल्या, गळ्यावर हात. पुंजाजी ढोलकीच्या शाईवर बोट फिरवत होता. जानराव दारातून खांबाकडं बघायचा, आत यायचा, पुन्हा जायचा. तीन वाजता तो कुणाकडंच न बघता म्हणाला, "सोमवारी तिले नेलं आन् हे टेप कोरी राह्यली, तं मी या खोलीले कुलूप लावतो."

साडेतीनला दिवा लागला. खोलीत एकदम धांदल. जानराव टेबलाखाली शिरला, वायरी खोचू लागला. मी त्या जाड माइकसमोर उभा होतो. आणि खालून, अंधारातून, पंधरा वर्षांची ती हाक आली.

"भाऊ, माइक पाहा!"

नटाला हाक चुकत नाही. मी पुढं झालो आणि फुंकर मारली. फू, फू.

पुंजाजीच्या तोंडून उपरण्याआडून "बाप्पा!" एवढंच आलं. जानराव टेबलाखालून हळूहळू बाहेर आला. त्यानं माइकसमोर टिचकी वाजवली. टेपरेकॉर्डरचा काटा हलला नाही. पुन्हा वाजवली. काटा मेलेला.

मंचावर मी तलवारीनं मेलो आहे, विषानं मेलो आहे. खरं मरण कसं असतं ते त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "जानराव, मी..." आणि पुढचं वाक्य पंधरा वर्षांत पहिल्यांदा विसरलो.

त्यानं माइकची जाळी रुमालानं झाकली. माझ्याकडं बघितलंही नाही. ते जास्त वाईट होतं.

बोलल्या कस्तुराबाई. "तोंड काहून पाडलं दोघांनी? गळा माहा जाऊन राह्यला का तुमचा? हाक यानं मारली, फुंकर त्यानं मारली. दोघंबी नाटकातले, मी कोनाले बोलू?" आणि मग नवऱ्याला, "दुसरा हाय ना. लावा."

"तो तुह्या आवाजाची वाट लावते."

"मग त्याले शिकवा. आमचा आवाज कसा हाय ते आता तं मालूम झालं ना तुमाले?"

जानरावनं साधा माइक स्टँडवरून काढला. मंडपात आम्ही तो तोंडाशी धरायचो, वीतभरसुद्धा लांब नाही. सकाळी त्यानं तसाच ठेवला होता, सवयीनं. आता त्यानं धोतराचा फाटका तुकडा छताच्या आढ्याला बांधला आणि माइक वरून लटकवला, दोन हात दूर, तोंड छातीकडं वळवून. कानाला फोन लावले.

"गाऊ नोको. नुसतं बोल कायी."

"चहा ठेवू का?"

त्यानं मान हलवली. माइक चार बोटं खाली आणला.

"चहा ठेवू का?"

पुन्हा नाही. कस्तुराबाईंच्या पाठीमागची दोन पोती काढली, तिथं गोधडी टांगली.

"चहा ठेवू का? आन् हो म्हनाल तं उठू कशी मी, वायरीनं बांधून ठेवलं."

पुंजाजी हसला, जानरावनं डोळे वटारले. माइक अंमळ डावीकडं फिरवला. थांब्यावर कुठलीशी गाडी येऊन उभी राहिली, आम्ही सगळे तिचं इंजीन बंद व्हायची वाट पाहत थिजलो. चार वाजून गेले होते. सातव्यांदा "चहा ठेवू का" ऐकल्यावर जानरावनं डोळे मिटले. मी त्याचा चेहरा बघत होतो. ती सकाळची ऊब तो शोधत होता, कानानं, आठवणीतून, जसा माणूस अंधारात दाराची कडी शोधतो. आणि मग त्याचा हात थांबला.

"राहू दे. असंच. हालू नोको."

बटण दाबलं. पुंजाजीनं ठेका धरला. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांचा आवाज अडकला, गळ्यावर हात गेला. मला वाटलं, संपलं. जानरावनं टेप थांबवली नाही. त्यानं फक्त डावा हात वर केला, तळवा उघडा, जसा तो मंचाखालून मला करायचा: थांबा, घाई नाही. त्यांनी एक श्वास घेतला, ढोलकी एकटीच दोन आवर्तनं फिरली, आणि त्या परत आल्या. वरचा सूर लागला. तो लागताना दिवा मिणमिणला, स्पूल क्षणभर मंदावलं आणि पुन्हा सावरलं. पाच कडवी. शेवटचा शब्द पुरता विरल्यावरच जानरावनं बटण दाबलं.

साडेपाचच्या गाडीनं तो पट्टीचा माइक गेला. सोबतच्या चिठ्ठीत जानरावनं लिहिलं, फुंकर माझ्याकडून लागली. मला हे महिन्याभरानं कळलं. कबुली द्यायला मी अकोल्याला गेलो, तर किसनसिंग मला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "जानराव बोलता है मैंने फूँका, तुम्ही म्हणता मी फुंकलं. तुमच्या मेडशीत हवा फार दिसते." पट्टी त्यानं बदलून घेतली. जानरावला पारखायला वस्तू मात्र पुन्हा कधी पाठवली नाही.

कस्तुराबाईंची गाठ निघाली. आवाज राहिला, वरचा सूर गेला. चौदा एप्रिलला त्या बसून गायल्या, खालच्या पट्टीत, आणि लोकांनी ऐकलं. ती टेप लावली की त्या पुंजाजीला विचारायच्या, "कोन बाई हाय रे हे? बरी गाते." ती खोली पुढं सतरा वर्षं चालली, कॅसेटचा काळ आला तरी. लमाण तांड्यांवरच्या बाया तिथं गायल्या, भजनी मंडळं भांडली, मी तीन स्वगतं भरली, हळू आवाजात. सगळं त्या साध्या माइकवर. वहीतली त्या दिवसाची शेवटची ओळ मी नंतर वाचली: "साधा माइक चालते. त्याच्यापासून मानूस दोन हात दूर पायजे, आन् भाऊ दहा हात."

दोन हजार अकरा साली, कस्तुराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, जानराव वाशिमच्या दवाखान्यात होता. माझे गुडघे गेलेले, मला जाता आलं नाही. त्याच्या लेकीनं, दुर्गानं, फोन लावला. म्हणाली, "काका, तीन दिसांपासून बाबा कोनासंगच बोलत नाईत. फोन त्याहीच्या कानाले लावतो, तुमीच काही बोला."

फोन हातात आला की आधी फुंकायची माझी खोड काही गेली नव्हती. तोंडून फुंकर निघूनच गेली, फू, फू. पलीकडून आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"फुकू नोका, भाऊ. बोला. आयकून राह्यलो मी."